सड्यावरचे लावे आणि गवताचा तिसरा हिस्सा

गोव्यात वन्यजीव म्हटलं की म्हादईचं रान, चोडणची खारफुटी, गालजीबागची कासवं एवढंच आठवतं. पेडण्याच्या मोपापासून काणकोणच्या लोलयेपर्यंत पसरलेले सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, त्या यादीत कधी येत नाहीत. सड्यावर नजरेत भरतं ते एवढंच, की इथे झाडं नाहीत. झाडं नाहीत म्हणजे जागा मोकळी, मोकळी म्हणजे पडीक, आणि पडीक म्हणजे कुणीतरी काहीतरी करायलाच हवं. करणारे दोन प्रकारचे असतात. एक जेसीबी घेऊन येतो, दुसरा रोपं घेऊन. लाव्यांच्या, म्हणजे इथल्या गवतात राहणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या, बाजूने पाहिलं तर दोघांत फारसा फरक नाही. हे लिखाण मुख्यतः दुसऱ्यासाठी आहे, कारण तो ऐकून घेण्याची शक्यता जास्त.

आधी पक्षी कोणते ते पाहू. आपल्याकडे 'लावा' म्हणून जे काही पायाजवळून भुर्रकन उडतं त्यात निदान तीन वेगळे पक्षी असतात.

रानलावा सगळ्यात जास्त भेटणारा. साधारण १६-१७ सेंटिमीटर लांबीचा, ६० ते ८० ग्रॅम वजनाचा. नराच्या पोटावर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा, मादीचं पोट सपाट तांबूस, आणि दोघांच्याही गळ्याला विटकरी रंग. हा थव्याने राहतो. सहा-आठपासून वीसेक पक्षी एकत्र चरतात आणि रात्री एकमेकांना चिकटून, शेपट्या आत आणि तोंडं बाहेर करून गोल बसतात. धोका वाटला की आधी गप्प दबून राहतात आणि अगदी पाय पडायच्या वेळी चहूदिशांना एकदम फुटतात. उडणं फार लांबचं नसतं. थोड्या अंतरावर पुन्हा गवतात शिरतात आणि मग शिट्ट्या घालून एकमेकांना शोधतात.

पावसाळी लावा जोडीने किंवा एकटा असतो. नराच्या छातीवर काळा डाग आणि 'व्हिट-व्हिट' अशी दोन तुकड्यांची हाक. हिवाळ्यात येणारा पाहुणा लावा याच्यासारखाच दिसतो, पण त्याची हाक तीन तुकड्यांची. माद्या ओळखणं कठीण. उडताना पंखाच्या मोठ्या पिसांवर फिक्या आडव्या रेघा असतील तर पाहुणा, नसतील तर पावसाळी.

तिसरा खरं म्हणजे लाव्यांच्या कुळातला नाहीच. पक्षीनिरीक्षक त्याला पट्टेरी बटनक्वेल म्हणतात आणि त्याचं नातं कुरव-टिटव्यांच्या गणाशी आहे. पायाला मागचं बोट नाही, फक्त पुढची तीन. इथे मादी मोठी आणि ठळक रंगाची, विणीच्या काळात गळा-छाती काळी. हाक तीच घालते, लांबवर चालू असलेल्या मोटारसायकलीसारखी घुमणारी 'ड्रर्रर्र'. अंडी घालून ती पुढच्या नराकडे जाते. तीन-चार अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे काम नराचं, आणि अंडी दोन आठवड्यांच्या आतबाहेर फुटतात.

हा तपशील देण्याचं कारण असं की तिघांच्या विणीचे महिने एकमेकांत अडकलेले आहेत. पावसाळी लावा पावसात वितो. रानलावा पावसाच्या शेवटापासून हिवाळाभर, कधी त्याच्याही पुढे. बटनक्वेल जवळजवळ कुठल्याही महिन्यात, पावसात जास्त. म्हणजे 'विणीचा हंगाम टाळून गवत कापा' हा जो सल्ला दिला जातो तो सड्यावर पाळताच येत नाही. घरटं नसलेला महिना इथे नाही. मग करायचं काय, तर महिना धरण्याऐवजी हिस्सा धरायचा. त्याकडे येतोच.

लाव्यांची फिकीर कशाला, एवढे तर आहेत, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडे आकडे. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत, आणि माळ-गवताळ जागांवरचे पक्षी मोठा फटका बसलेल्यांत आहेत. त्याच काळात मोर मात्र दीडशे टक्क्यांहून अधिक वाढला. शेतात मोर दिसतो म्हणून पक्ष्यांचं बरं चाललंय असं धरून चालणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

ज्याची शिकार होते अशा पक्ष्याचं काय होऊ शकतं याचं आपल्या देशातलं उदाहरण माळढोकाच्या कुळातल्या तणमोराचं. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश आणि थोडा विदर्भ हे त्याचं विणीचं क्षेत्र. पावसात गवताच्या वर उडी मारून नर स्वतःला दाखवतो, आणि त्या उडीच्या क्षणीच संस्थानिक आणि साहेब त्याला टिपत. शिकार कायद्याने थांबली, पण गवत गेलं. १९९९ मध्ये सुमारे ३,५३० पक्ष्यांचा अंदाज होता, २०१८ च्या अहवालात तो ७०० च्या खाली आला, आणि २०२१ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' गटात टाकावं लागलं. दुसरं उदाहरण हिमालयी लाव्याचं. १८७६ मध्ये नैनितालजवळ त्याची शेवटची पक्की नोंद झाली आणि त्यानंतर तो खात्रीने कुणी पाहिलेला नाही. आपले तिघेही लावे आज त्या अवस्थेत नाहीत. म्हणूनच काम आत्ता स्वस्तात होतं.

पिल्लाच्या उंचीवरून सडा

लाव्याचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा चार-पाच ग्रॅमचं असतं. पंख सुकले की लगेच चालू लागतं, दहा-बारा दिवसांत थोडं फडफडतं. पहिले दोन-तीन आठवडे त्याला दाणा चालत नाही. वाळवी, मुंग्यांची अंडी, नाकतोडे, कोळी, अळ्या हेच हवं. गवत जमिनीलगत दाट जाळीसारखं झालेलं असेल तर ते त्यातून चालू शकत नाही, आणि ओल्या गवतात भिजलं तर काही वेळातच गारठून मरतं. आई अंगाखाली घेते, पण वारंवार भिजलं तर तिचाही उपाय चालत नाही. म्हणून त्याला हवी असते ती वरून झाकलेली आणि खालून मोकळी जागा. गवताचे ठोंब सुटे सुटे, मधे उघडा जांभा किंवा बारीक खडी, वर पात्यांची कमान.

पावसाळ्यातला आपला सडा नेमका असाच असतो, निदान ज्याला कुणी हात लावलेला नाही तो. जांभ्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. त्या मातीत ग्लायफोक्लोआसारखी ठेंगणी गवतं येतात, जी पश्चिम घाट आणि कोकणपट्टी सोडून जगात कुठे नाहीत. जिथे माती थोडी खोल तिथे कुसळीसारखी उंच गवतं, आणि भेगांतून करवंदीच्या, चुर्णांच्या, पिटकोळीच्या जाळ्या. हे तिन्ही थर पन्नास-साठ पावलांत एकत्र असले की लावा सुखात. मोकळी जमीन चरायला आणि धुळीत लोळायला, ठोंब घरट्याला, जाळी ससाण्यापासून आणि दुपारच्या उन्हापासून. ढोबळमानाने तिघांचा वाटा सारखा धरावा. एखादा थर दहावा हिस्सा उरला तर पक्षी दिसतील, पण टिकणार नाहीत.

हे मोजायला मोठं साहित्य लागत नाही. दीड मीटरची काठी घ्या आणि दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून दोन रंगांचे पट्टे मारा. एकाने काठी गवतात उभी धरायची. दुसऱ्याने चार मीटर मागे जाऊन, डोळे जमिनीपासून एक मीटर उंचीवर आणून, सगळ्यात खालचा जो पट्टा दिसतो त्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. चारही दिशांनी बघून सरासरी काढायची. सड्यावर शंभरेक पावलांच्या अंतराने असे वीस बिंदू घ्या. सगळ्या बिंदूंवर आकडा सारखाच आला तर काहीतरी चुकतंय: सगळीकडे १० च्या खाली म्हणजे गुरांनी किंवा आगीने साफ केलंय, सगळीकडे ६० च्या वर म्हणजे गवत माजून आडवं पडलंय. आकड्यांत चढउतार दिसला पाहिजे, १० पण आणि ४० पण. मोजणी ऑक्टोबरच्या मध्याला आणि पुन्हा फेब्रुवारीत करावी.

तिसरा हिस्सा

आता कापणी. गुरांसाठी, काजूच्या बागेभोवती किंवा 'साफसफाई' म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात सड्यावरचं गवत कापतात. अगदी त्याच वेळी रानलाव्याची घरटी चालू असतात. घरटं म्हणजे ठोंबाच्या मुळाशी केलेला नुसता खळगा, त्यात चार ते आठ पांढरट अंडी. मादी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही. ग्रास कटरचं पातं तिच्यावरून जातं आणि कापणाऱ्याला कळतही नाही.

एका वर्षात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही, हा पहिला नियम. नऊ हेक्टरचा सडा असेल तर तीन यंदा, तीन पुढच्या वर्षी, तीन त्याच्या पुढच्या. आणि तो हिस्सा एका तुकड्यात घ्यायचा नाही. वीस-तीस मीटर रुंदीच्या पट्ट्या करायच्या, म्हणजे कुठूनही पक्ष्याला पन्नास मीटरच्या आत उभं गवत मिळतं. एकदम तीन हेक्टरचा सपाट तुकडा कापला की त्याच्या मध्यावरच्या पिल्लांना लपायला जायला वाटच नाही, आणि वर घार असतेच.

दिशा फार महत्त्वाची. आपल्याकडे सवय अशी की कडेने सुरुवात करून गोल गोल आत येतात. त्यामुळे सगळे पक्षी, ससे, सरडे मधल्या शेवटच्या तुकड्यात गोळा होतात आणि शेवटच्या फेरीत मरतात. पट्टीच्या मध्यावरून सुरू करा आणि बाहेर, जाळीच्या दिशेने सरकत जा. सुरू करण्याआधी दोघांनी काठीने गवत हलकेच ढवळत एकदा चालून घ्या. पक्षी पायातून उठला आणि लांब न जाता तिथेच घुटमळला, पंख मोडल्याचं नाटक करू लागला तर जवळ घरटं किंवा पिल्लं आहेत. तिथे चारही बाजूंना पाच मीटर सोडून द्यायचं. शोधाशोध करायची नाही, कारण आपल्या वासाच्या मागावर मुंगूस येतं.

बुंधा वीतभर ठेवायचा. जमिनीसरशी कापलेलं गवत दिसायला नीटनेटकं दिसतं, पण ठोंब मरतो आणि पुढच्या पावसात त्या जागी रानमोडीचं तण उगवतं. जाळीभोवतीचं दोन-तीन मीटर गवत कधीच कापायचं नाही.

एक गोष्ट कापणारे हमखास विसरतात. जांभ्यावर लोखंडी पातं आपटलं की ठिणगी पडते. नोव्हेंबरात दव असतं म्हणून भागतं, फेब्रुवारीत त्याच ठिणगीने सडा पेटतो. जानेवारीनंतर कापायचं असेल तर कटरला पात्याऐवजी नायलॉनची दोरी लावा, सकाळी दव असतानाच काम उरका, वीस लिटरचा पाण्याचा कॅन आणि हिरव्या फांद्या हाताशी ठेवा. त्या दोरीचे तुकडे मात्र गोळा करा. विळ्याने कापणारी माणसं मिळत असतील तर सगळ्यात उत्तम: त्यांना घरटं दिसतं.

आगीबद्दल

कुणीतरी विचारणार, अमेरिकेत लाव्यांसाठी मुद्दाम आग लावतात ना? लावतात. तिथल्या आग्नेय राज्यांत हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी १९२० च्या दशकात बॉबव्हाइट लाव्याचा अभ्यास करून दाखवलं की पाइनच्या रानातली आग साफ बंद केली की झाडोरा माजतो आणि लावे जातात. आजही तिथे दर एक-दोन वर्षांनी ठरवून जाळतात. पण तिथली माती खोल, वाळूची. आपल्या सड्यावर मातीच बोटभर. आग गेल्यावर पहिल्या वळिवात ती माती वाहून जाते आणि नुसता काळा खडक उरतो. शिवाय आपल्याकडची आग कुणी ठरवून लावत नाही. काजू वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, बिडी टाकतात, कचरा जाळतात, आणि वारा तिला सड्यावर नेतो. मार्च २०२३ मध्ये म्हादईसह गोव्याच्या रानांत एकामागून एक आगी लागल्या तेव्हा सगळ्यांनी झाडांची चिंता केली. सड्यांवरचं गवत दरवर्षी जळतं, त्याची बातमी होत नाही.

माझं मत सरळ आहे. सड्यावर आग नको, कापणीने तेच काम होतं. जिथे आग येणार हे माहीत आहे तिथे जानेवारीच्या आत काजूच्या बागेच्या आणि सड्याच्या मधे तीन ते पाच मीटरचा पट्टा साफ करून ठेवावा. पट्टा सरळ न ठेवता जुन्या पायवाटा, गडगे, उघडा जांभा यांचा उपयोग करून वळवला तर निम्मी मेहनत वाचते.

झाडं कुठे लावायची नाहीत

जुलै उजाडला की वनमहोत्सव. शाळा, क्लब, कंपन्या सगळ्यांना जागा हवी असते आणि सड्यासारखी सोयीची जागा दुसरी नाही. मशीनने जांभा फोडून खड्डे होतात, बाहेरची माती भरली जाते, त्या मातीतून तणांचं बी येतं. बरीचशी रोपं मे महिन्यापर्यंत मरतात, आणि ती मेली तर नुकसान त्यातल्या त्यात कमी. जगली तर पंचाईत. आकेशियाची (ऑस्ट्रेलियन बाभळीची) रांग पाच-सहा वर्षांत सावली धरते, तिचा पाला लवकर कुजत नाही, त्याखाली गवत येत नाही. उघड्या माळावर एकटं उभं राहिलेलं झाड कावळ्याला आणि शिक्र्याला टेहळणीचा बुरूजही होतं. जमिनीवर विणारे पक्षी अशा झाडापासून लांब राहतात, म्हणजे दहा झाडं लावली तर जागा फक्त दहा झाडांची जात नाही.

झाडं लावायचीच असतील तर सड्याच्या उतारावर, जुन्या चिरेखाणीच्या काठाला, गावाच्या वाटेवर लावा. सड्यावर लावायचं तर करवंद आणि पिटकोळी, आणि तेही जिथे जाळी तोडली गेली आहे तिथेच, पन्नास-साठ मीटरला एक झुडपांचा पुंजका. तीन-चार मीटर रुंद झाला की पुरे.

आधीच आकेशिया आला असेल तर बोटाएवढी रोपं जुलैत, जमीन ओली असताना मुळासकट उपटून निघतात. मोठी झाडं तोडायला १९८४ च्या गोवा वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी लागते. तोडल्यावर काम संपत नाही. बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, निदान तीन पावसाळे उपटत राहावं लागतं. रानमोडीचंही तेच: नोव्हेंबर-डिसेंबरात फुलते, मग बी वाऱ्यावर जातं. ऑक्टोबरात कोयत्याने छाटली की बुंध्यातून चार फुटवे येतात, म्हणून तिला जून-जुलैत उपटावी आणि मुळं वर करून खडकावर वाळत टाकावी.

गुरं हा मित्र की शत्रू, यावर भांडणं होतात. गावात गुरं होती तोवर ती सड्यावर चरून गवताला वाटा पाडायची, शेणावरच्या किड्यांवर लाव्यांची पिल्लं पोसायची. आता कितीतरी गावांत चरणारी गुरंच नाहीत, आणि तिथे गवत आडवं पडून रानमोडीने व्यापलंय. चार-पाच गाई चरत असतील तर त्यांना हाकलू नका. काठीवरचा आकडा सगळीकडे १० च्या खाली गेला तर मात्र एक बाजू वर्षभर बंद ठेवायला सांगा. सड्याच्या कडेला टाकलेला हॉटेलांचा कचरा मात्र निव्वळ शत्रू आहे. कचऱ्यावर भटकी कुत्री वाढतात आणि कुत्र्यांची टोळी एका हंगामात सड्यावरची जमिनीलगतची सगळी घरटी उचलते.

शेतीचाही हात आहे. सड्याच्या कडेच्या मोरडीत, म्हणजे वरकस जमिनीत, पूर्वी नाचणी, वरी, कुळीथ होत असे. सांडलेला दाणा आणि तणाचं बी यावर लावे उन्हाळा काढत. ती शेती बरीच सुटली आहे. जे अजून करतात त्यांनी बांधालगतची एक मीटर पट्टी न कापता ठेवावी आणि तिथे तणनाशक मारू नये. ब्रिटनमध्ये करड्या तित्तिराची घसरण अभ्यासली तेव्हा हेच निघालं होतं: तणनाशकाने तण गेलं, तणावरचे किडे गेले आणि पिल्लं उपाशी मेली, बंदुकीचा संबंध दुय्यम होता. पेरणीसाठी औषध चोळलेलं बियाणं उरलं तर सड्यावर टाकू नका, पुरा.

चिरेखाणी

मातीचा तो बोटभर थर तयार व्हायला किती काळ गेला असेल याचा विचार न करता तो आधी ढकलून दिला जातो आणि मग चिरे काढले जातात. खाण कायदेशीर असेल, थांबवता येत नसेल, तरी दोन गोष्टी मागता येतात. वरचा दहा सेंटिमीटर थर वेगळ्या ढिगात ठेवायला लावायचा आणि काम सरकेल तसा मागे पसरायचा. ढीग एकापेक्षा जास्त पावसाळे राहिला तर त्यातलं गवताचं बी जातं आणि तणाचं राहतं. दुसरं, सरळ कडे असलेल्या खड्ड्याची एक बाजू उतरती करून घ्यायची, एक मीटर उंचीला तीन मीटर लांबी या प्रमाणात. पावसात हे खड्डे भरतात आणि पिल्लं, कासवं, साप त्यात पडले की वर येऊ शकत नाहीत. घरं पाडलेला राडारोडा टाकून खड्डा बुजवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्यावर गवत येत नाही.

पक्षी मोजायचे कसे

हाकांवरून मोजणी सगळ्यात बरी, कारण पक्षी उठवावा लागत नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिल्या बिंदूवर पोचा आणि दीड-दोन तासांत संपवा. बिंदू चारशे ते पाचशे मीटर अंतरावर असावेत, नाहीतर तीच हाक दोनदा मोजली जाते. बिंदूवर पोचल्यावर दोन मिनिटं गप्प, मग पाच मिनिटं मोजणी. कागदावर वर्तुळ काढून हाक कुठल्या दिशेने आली तिथे खूण करा. वारा पानं सतत हलवण्याइतका असेल किंवा पाऊस असेल तर घरी जा. अशा दिवसाचा शून्य हा शून्य नसतो. पावसाळी लाव्यासाठी जुलैतली उघडीप आणि बटनक्वेलसाठी सबंध पावसाळा चांगला. रानलाव्याच्या शिट्ट्या पावसाच्या शेवटापासून जास्त. मोबाईलवर हाक वाजवून उत्तर मिळवू नका. घरटं सोडून पक्षी आवाजाकडे येतो आणि एकाच सड्यावर दर आठवड्याला कुणी ना कुणी हेच करत असतो.

कोरड्या दिवसांत खुणा बघाव्यात. धुळीत लोळलेली जागा दहा-बारा सेंटिमीटर रुंदीची उथळ वाटी असते, कडेला बारीक पिसं. रानलाव्यांचा थवा जिथे रात्री बसतो तिथे विष्ठेचं गोल कडं सापडतं. धुळीच्या वाटीसमोर ट्रॅप कॅमेरा लावायचा तर जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगात येत नाही. समोरची हलणारी पाती काढली नाहीत तर हजार फोटो गवताचेच मिळतील. रांगेने चालून पक्षी उठवण्याची पद्धत एप्रिल-मे सोडून कधीच वापरू नये.

हॉटेलात मिळतो तो बटेर जपानी लावा. तो १९७४ पासून आपल्याकडे पाळला जातो आणि त्याच्या पाळण्याला हरकत नाही. कुणाला कधी पुण्यकर्म सुचतं आणि पाळलेले पक्षी आणून सड्यावर सोडले जातात. तसं करू नका. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी दोन दिवसांत कुत्र्याच्या तोंडी जातो, जगला तर पाहुण्या लाव्याशी त्याचा संकर होतो, आणि कोंबड्यांचे रोग रानात जातात ते वेगळंच.

रानातला लावा पकडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जाळीच्या तोंडाशी नायलॉनच्या फासांची ओळ दिसली तर रागाने उपटून फेकू नका. आधी जागेसह फोटो काढा, मोबाईलमध्ये ठिकाणाची नोंद घ्या, वनखात्याच्या रेंज कार्यालयाला कळवा. पंचनाम्यात फास जागेवर असला तरच प्रकरण उभं राहतं. फासात जिवंत पक्षी असेल तर मात्र वाट न बघता सोडवा.

शेवटी कागद. प्रत्येक पंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ नोंदवह्यांत आंबा, फणस, औषधी वनस्पती भरपूर, सड्याचं पान कोरं. तिथे सड्यावरची गवतं, लावे, टिटव्या, चंडोल, रातवे यांची नोंद करून घ्या. सोबत काठीच्या मोजणीचे आकडे, हाकांच्या मोजणीचा कागद आणि तारखेसह फोटो द्या. नोंदीत जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि उपविभाग नंबर आलाच पाहिजे, आणि अर्जाच्या प्रतीवर पंचायतीचा आवक शिक्का घ्या. 'गावचा सडा' एवढंच लिहिलेली नोंद जमिनीचा झोन बदलण्याविरुद्धच्या हरकतीला जोडता येत नाही.